टाचेची उंची आणि दिवसभराची ड्यूटी: केबिन क्रूच्या बुटांचे परीक्षण

केबिन क्रूच्या गणवेशाची चर्चा आपल्याकडे साडी की पँट, स्कार्फ की टाय, एवढ्यावरच बहुधा संपते आणि बुटांकडे लक्ष जाते ते पाय दुखू लागल्यावर. मी काही वर्षे मुंबईहून देशांतर्गत मार्गांवर केबिन क्रू म्हणून काम केले आणि आता या क्षेत्रात येणाऱ्या मुलींना ग्रूमिंग शिकवते. त्यामुळे ‘मॅडम, बूट कोणते घेऊ?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याचे सविस्तर उत्तर देता यावे म्हणून बाजारात सहज मिळणारे तीन प्रकार मी नीट वापरून पाहिले: मध्यम उंचीच्या ब्लॉक हीलचे (रुंद, ठोकळ्यासारख्या टाचेचे) काळे कोर्ट शूज, म्हणजे वरून उघडे, बिनलेसचे फॉर्मल बूट, सपाट बॅले शूज आणि काळ्या चामड्याचे, लेस नसलेले स्नीकर.

बूट जोखायचे तर आधी काम समजून घ्यायला हवे. चार सेक्टरच्या, म्हणजे एकापाठोपाठ चार उड्डाणांच्या ड्यूटीत क्रू प्रत्येक वेळी बोर्डिंग होईपर्यंत दारात उभी असते, टेकऑफपुरती जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या आसनावर) बसते आणि लगेच गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, कामाला लागते. केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे 6 ते 8 हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो, हवा कोरडी असते, आणि सतत उभे राहिल्याने पायांत रक्त साचून सूज येते; म्हणून सकाळी बेताचा बसणारा बूट संध्याकाळी आवळू लागतो. त्यातच प्रवाशांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. विमान समपातळीत उडत असतानाही त्याचे नाक 2 ते 3 अंश वर असते, त्यामुळे मागच्या गॅलीतून पुढे जाताना चढ लागतो आणि पुढून मागे येताना उतार. भरलेली पूर्ण लांबीची ट्रॉली 80 किलोच्या आसपास जाते. ती या चढावरून ढकलायची, प्रत्येक रांगेशी थांबून पायाने लाल पेडल दाबून ब्रेक लावायचा, मग हिरवे पेडल दाबून तो सोडायचा, असे एकेका फेरीत कितीतरी वेळा करावे लागते.

या कामासाठी कोर्ट शूज कसे ठरतात? माझ्याकडचा जोड सुमारे 5 सेंटिमीटर टाचेचा, 3 हजारांच्या आतला, आतून कापडी अस्तर असलेला होता. दिसण्याच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टखाली तो नेटका दिसतो, टाचेमुळे पाठ आपोआप ताठ राहते, आणि पॉलिश केल्यावर एरोब्रिजवरून चालत येणारी क्रू रुबाबदार वाटते. हा रुबाब मला मनापासून आवडतो आणि तो क्षुल्लक आहे असे मी कधीच म्हणणार नाही, कारण दारात उभ्या असलेल्या व्यक्तीकडे पाहूनच घाबरलेला प्रवासी निम्मा निर्धास्त होतो.

त्रास सुरू होतो तो उतारावर. टाच मुळातच पावलाला पुढे ढकलत असते. त्यात केबिनच्या जमिनीचा उतार मिळाला की सगळा भार चवड्यावर येतो, बोटे बुटाच्या निमुळत्या टोकात दाबली जातात आणि करंगळीवर कुरूप धरायला वेळ लागत नाही. बुटाच्या वरच्या उघड्या भागाची कड सुजलेल्या पावलात रुतते आणि ड्यूटी संपल्यावर बूट काढला की तिचा लाल वळ स्पष्ट दिसतो. ब्रेकचे पेडल दाबताना पातळ तळव्यातून त्याची धातूची कड थेट बोटांना जाणवते. टाचेखालचा रबरी तुकडा सर्वांत आधी मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात झिजतो. तो वेळेवर बदलला नाही तर आतला खिळा वर येतो आणि गॅलीच्या ओल्या, गुळगुळीत जमिनीवर सर्रकन घसरतो. हातात उकळत्या कॉफीचे भांडे असताना असे घसरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तळव्याला आकार देण्यासाठी आत बसवलेली पोलादी पट्टी सुरक्षा तपासणीच्या चौकटीत हमखास वाजते, म्हणून रोज बूट काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात. विमान टर्मिनलपासून लांबच्या बेवर (उभे करण्याच्या जागेवर) असेल तर जिन्याच्या जाळीदार लोखंडी पायऱ्यांत अरुंद टाच अडकण्याची धास्ती असते. ब्लॉक हीलचा एक खरा फायदा म्हणजे ती तशी अडकत नाही.

बॅले शूजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टाच गेली म्हणजे आराम आला, असा अनेक मुलींचा समज असतो आणि या बुटांनी तो दुसऱ्याच आठवड्यात खोटा ठरतो. तळवा कागदासारखा पातळ, कमानीला आधार शून्य आणि घोट्याकडे पकड नाही. टाचदुखी असणाऱ्यांनी तर यांच्या वाटेला जाऊ नये.

काही विमान कंपन्या टर्मिनलमध्ये उंच टाच आणि विमानात सपाट ‘केबिन शूज’ अशी दुहेरी व्यवस्था ठेवतात. लांब पल्ल्याच्या उड्डाणात ती चालून जाते. मुंबई–गोवा यांसारख्या तासाभराच्या सेक्टरमध्ये मात्र सेवेसाठी मिळणारा वेळच इतका थोडा असतो की बूट बदलणे हे आणखी एक काम होऊन बसते, आणि क्रू बॅगमध्ये जागा अडते ती वेगळीच. शिवाय बसलेल्या प्रवाशाला आसनांमधल्या अरुंद वाटेवरून जाणाऱ्या क्रूचे पाय फारसे दिसतच नाहीत. म्हणजे जिथे बूट दिसतात तिथे टाच आणि जिथे काम करायचे तिथे आराम, असा हा बेत आहे, आणि मला तो अर्धवट वाटतो.

आता स्नीकर. चामडे काळे, तळवाही काळा, बाहेर कुठे लोगो नाही, असा जोड मी निवडला आणि त्याला रोज पॉलिश केले. पँटच्या गणवेशाखाली तो दोन हातांवरून साध्या फॉर्मल बुटासारखाच दिसतो. ट्रॉली ढकलताना पूर्ण तळवा जमिनीला टेकलेला असल्याने जोर कमरेवर न येता पायांत राहतो, पेडल टोचत नाही आणि चौथ्या सेक्टरच्या बोर्डिंगला उभे राहताना भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा टाकावा लागत नाही. उणिवा आहेत. चामड्याचा स्नीकर उन्हाळ्यात तापतो; विणलेल्या कापडाचा घेतला तर मुंबईच्या पावसात जिन्यापासून बसपर्यंत जाईतो तो भिजतो आणि दिवसभर वाळत नाही. साडी किंवा सरळ स्कर्टखाली स्नीकर विजोड दिसतो, हेही मान्य केले पाहिजे. पण ही विजोडता येते ती आधी गणवेश ठरवून बूट शेवटी शोधले जातात म्हणून.

गणवेश आणि बूट एकत्र विचारात घेतले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. आकासा एअरने 2022 साली उड्डाणे सुरू करण्यापूर्वी डिझायनर राजेश प्रताप सिंह यांच्याकडून गणवेश करून घेतला, त्यात सर्वांसाठी पँट व जॅकेट ठेवले आणि त्याबरोबर खास बनवलेले स्नीकर दिले. हे बूट हलके, टाचेपासून बोटांपर्यंत जास्तीची गादी असलेले आणि पुनर्वापर केलेल्या रबराच्या तळव्याचे आहेत. मी या विमानांतून प्रवासी म्हणून गेले तेव्हा क्रूच्या चालीकडे मुद्दाम पाहिले. पावले आवाज न करता, न अडखळता पडत होती आणि एकूण रूपात कुठेही ढिलाई नव्हती. एअर इंडियाने डिसेंबर 2023 मध्ये मनीष मल्होत्रा यांनी घडवलेला गणवेश सादर केला. त्यात महिलांना काळ्या आणि बरगंडी रंगांच्या ब्लॉक हील आणि पुरुषांना काळे ब्रोग (नक्षीदार छिद्रांचे सपाट फॉर्मल बूट) दिले गेले. साडीच्या परंपरेला शोभणारी ही निवड देखणी आहे आणि अरुंद टाचेपेक्षा निश्चितच बरी आहे. तरीही तीच ट्रॉली, तोच चढ आणि तेच तास असताना पुरुषाच्या पायाला सपाट तळवा आणि बाईच्या पायाला टाच का, हा प्रश्न मला सुटत नाही.

इतर देशांत या प्रश्नाची उत्तरे दिली गेली आहेत. जपानमध्ये 2019 साली नोकरीच्या ठिकाणी उंच टाचांची सक्ती नको, अशी मोहीम उभी राहिली आणि एप्रिल 2020 पासून जपान एअरलाइन्सने आपल्या महिला क्रूवरील ती अट काढून टाकली. युक्रेनच्या स्कायअप कंपनीने 2021 मध्ये घट्ट स्कर्ट व टाचा सोडून पँटसूट आणि पांढरे स्नीकर स्वीकारले. क्वांटासमध्ये कामगार संघटनेच्या पाठपुराव्यानंतर जून 2023 मध्ये महिलांना सपाट बूट घालण्याची मुभा मिळाली. यांपैकी कोणत्याही कंपनीचे नाव सपाट बुटांमुळे खाली आलेले नाही.

माझ्या दृष्टीने या सगळ्याच्या वर सुरक्षेचा मुद्दा आहे. आपत्कालीन घसरगुंडीवर जाण्यापूर्वी उंच टाचांचे बूट काढा, हे सुरक्षा कार्डावर चित्र काढून प्रवाशांना सांगितले जाते, कारण अणकुचीदार टाचेने घसरगुंडी फाटू शकते. विमान 90 सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, या निकषावर विमानांची परीक्षा होते. त्या सेकंदांत दार उघडणाऱ्या व्यक्तीला आधी स्वतःचे बूट काढावे लागू नयेत, आणि बाहेर काचा व पत्रे पडलेल्या जमिनीवर तिने अनवाणी उतरू नये. सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला 31 ऑक्टोबर 2000 रोजी तैपेई येथे झालेल्या अपघातात काही कर्मचाऱ्यांच्या पायांतील सपाता निसटल्या, आणि त्यानंतर तिथे टेकऑफ व लँडिंगच्या वेळी पाय धरून ठेवणारे बूट घालण्याची पद्धत आली. विमानातील बूट हे लाइफ जॅकेटइतकेच सुरक्षेचे साधन आहे. त्याचा विचार केवळ ग्रूमिंगच्या पानावर होऊ नये, असे मला तळमळीने वाटते.

तेव्हा निवड अशी. कंपनीचा नियम मुभा देत असेल तर काळ्या चामड्याचा, पूर्ण बंद, खाचदार रबरी तळव्याचा स्नीकर किंवा लोफर घ्यावा. टाच सक्तीची असेल तर 3 सेंटिमीटरच्या आतली, रुंद आणि पावलावरून पट्टा असलेली घ्यावी. पट्ट्यामुळे उताराला पाऊल पुढे घसरत नाही आणि बूट निसटतही नाही. खरेदीला सकाळी जाऊ नये. ड्यूटी संपवून, पाय सुजलेले असताना, स्टॉकिंग्ज घालूनच बूट मापावेत, आणि दुकानदार ‘वापरून सैल होतील’ म्हणाला तर तो जोड तिथेच ठेवावा. बूट मधोमध वाकला तर तो आधार देणार नाही; तो फक्त चवड्याशी वाकला पाहिजे. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत, कारण घामाने ओले झालेले चामडे एका रात्रीत पुरते सुकत नाही. नव्या भरतीतील मुलीच्या पहिल्या पगारात दोन चांगले जोड बसत नाहीत, म्हणून गणवेशाबरोबर हे दोन्ही जोड कंपनीने द्यावेत आणि झिजले की बदलूनही द्यावेत.