फुप्फुसांची प्रतिकृती: घ्यावी, पण रंग तपासून
वर्गासाठी मागवलेल्या या प्लास्टिकच्या प्रतिकृतीत उजव्या फुप्फुसाचे ३ आणि डाव्याचे २ खंड सुटे करता येतात. श्वासनलिकेवरच्या कास्थीच्या कड्या तर इतक्या नेमक्या आहेत की मागे, जिथे अन्ननलिका टेकते, तिथे त्या अपुऱ्या असल्याचे बोटांना जाणवते. वायुकोशांचा मोठा करून दाखवलेला घोस मात्र भरीव आहे. आपल्या फुप्फुसांत असे कोट्यवधी कोश असतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर भरतो आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा १ मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. आतली पोकळी दिसल्याखेरीज मुलांना हे उमगणार कसे? शिवाय ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेणारी फुप्फुस धमनी चक्क लाल रंगवली होती. ती मी स्वतः निळी केली.