टेस्ट न घेताच लायसन देणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलपासून सावध राहा, माझे 24,150 रुपये गेले

आधी आकडे सांगते. क्लासचे 9,500, 'टेस्ट सर्टिफिकेट'चे 3,200, स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे म्हणून 1,450, असे 14,150 रुपये मी आमच्या गावातल्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलवाल्याला दिले आणि त्याने मला दिलेलं लायसन दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवर माझं नाव-फोटो टाकून बनवलेलं निघालं. वर नाकाबंदीत 10,000 चं चलन. एकूण 24,150. स्कूलचं नाव इथे देत नाहीये कारण तक्रार चालू आहे, पण असली दुकानं प्रत्येक तालुक्याला आहेत, तुमच्याही गावात असेल.

आधी शिकाऊ म्हणजे लर्निंग लायसन काढायचं, मग गाडीची टेस्ट देऊन पक्कं, एवढं लक्षात असू द्या. मी एजंट गाठून चोरवाटेने लायसन काढायला गेले नव्हते हे मात्र आधीच सांगते, कारण जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो. मला गाडी शिकायची होती. नवरा नोकरीला बाहेरगावी, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, मुलाचा क्लास, दारात वॅगन-आर नुसती उभी, प्रत्येक वेळी कुणाची तरी मनधरणी करून ड्रायव्हर शोधायचा, म्हणून रीतसर बोर्ड लावलेल्या स्कूलमध्ये रीतसर पैसे भरले. स्कूटर आणि कार दोन्हीचं लायसन, त्यात गाडी शिकवणं आलं, असं पॅकेज.

पहिली गडबड लर्निंगलाच झाली. आता लर्निंगची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते, महाराष्ट्रात 2021 पासून ही सोय आहे. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग प्रश्न, 60 टक्के बरोबर आले की पास. मला यातलं काहीच दिसलं नाही. स्कूलवाल्याचा फोन आला, "ताई, फॉर्म भरतोय, ओटीपी आला असेल तो सांगा," मी सांगितला, आणि संध्याकाळी लर्निंगची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर हजर. मला वाटलं फॉर्मच भरला असेल, परीक्षेला नंतर बोलावतील. परीक्षा त्यानेच देऊन टाकली होती! आधारचा ओटीपी कुणालाही देऊ नका, समोर बसून मागितला तरी नाही.

शिकवणं म्हणाल तर अल्टोमध्ये आम्ही तिघी, एकीने चालवायचं आणि दोघींनी मागे बसून बघायचं. ड्युअल कंट्रोलची गाडी, क्लच-ब्रेक सगळं त्याच्या पायाखाली, मी फक्त स्टेअरिंग धरून बसायचे. चढावर गाडी कधी बंद पडली नाही म्हणून मी खूश, पण हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा सोडून गाडी चढावर धरून ठेवणं, तो करत होता, मी नाही, हे घरची गाडी काढली तेव्हा कळलं. नियमाप्रमाणे कारच्या ट्रेनिंगला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष हातात गाडी किमान 10 तास द्यायला पाहिजे, आणि त्याचं रजिस्टर स्कूलने ठेवायचं असतं. तुम्ही क्लास लावला असेल तर ते रजिस्टर बघायला मागा आणि रोज स्वतः सही करा. रिव्हर्स तर मला शिकवलाच नाही. "ते टेस्टच्या आधी घेऊ" म्हणाला.

आता टेस्टचं ऐका. टेस्ट घ्यायला आमच्याकडे आरटीओचा कॅम्प लागतो, त्याची तारीख स्वतः सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवरून घेता येते. लर्निंग मिळून 30 दिवस झाले की पक्क्याचा अर्ज करता येतो आणि लर्निंगची मुदत 6 महिने. मी त्याला तारीख विचारली तर म्हणाला, "ताई, तुम्हाला कॅम्पला यायची गरजच नाही. आता टेस्ट आम्हीच घेतो, कायदा बदललाय." आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं पेपरचं कात्रण दाखवलं.

मला भोळी म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघा. 2024 च्या मे महिन्यात प्रत्येक ग्रुपवर फिरत होतं की नाही, 1 जूनपासून आरटीओत टेस्ट नाही, ड्रायव्हिंग स्कूलच टेस्ट घेणार म्हणून? पेपरात आलं, चॅनलवाल्यांनी दाखवलं, माझ्या भावाने मला पाठवलं होतं, तो इंजिनीयर आहे. मग मी विश्वास ठेवला तर त्यात माझं काय चुकलं? खुलासा नंतर आला, तो कुणी फॉरवर्ड केला नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं होतं की 1 जून 2024 पासून काहीही बदललेलं नाही. नियम 2021 चा आहे आणि तो फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी आहे. अशा केंद्राला कारसाठी किमान 1 एकर जागा लागते, जड वाहनांसाठी 2 एकर, सिम्युलेटर लागतो, टेस्टचा ट्रॅक लागतो, कारचा कोर्स 4 आठवड्यांत 29 तासांचा असतो, आणि तिथून पास झालं की फॉर्म 5ब मिळतो, त्यावर आरटीओची टेस्ट माफ. साध्या स्कूलवाल्याने दिलेल्या फॉर्म 5 वर टेस्ट माफ होत नाही.

माझ्या हातात त्याने काय दिलं? फॉर्म 5. नुसता 5. वर गोल जांभळा शिक्का, खाली त्याचीच सही, आणि त्याचे घेतले 3,200.

तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. त्याच्या गाळ्यात मागच्या भिंतीला निळा पडदा लावला होता, खिळ्यावर, एका बाजूने लोंबत होता. त्याच्यासमोर उभं करून मोबाईलवर माझा फोटो काढला, कोऱ्या कागदावर सही घेतली आणि म्हणाला, "झालं तुमचं." मी विचारलं, हो, मी विचारलं होतं, "सर, टेस्ट? रिव्हर्स? स्कूटर आठच्या आकड्यात फिरवायची ती?" तर हसला आणि म्हणाला, "एवढे दिवस मी शेजारी बसून काय करत होतो, टेस्टच घेत होतो ना." बाकीच्या दोघीही तिथेच होत्या, त्यांचेही फोटो काढले, कुणालाच काही वावगं वाटलं नाही, उलट एकजण म्हणाली बरं झालं बाई, उन्हात उभं राहायचं वाचलं. आणि मी त्या पडद्याकडे बघत होते, मला तो विचित्र वाटलाही होता, सरकारी फोटो असा गाळ्यात खिळ्याला पडदा लावून काढतात का, सरकारी लायसनची सही कोऱ्या कागदावर घेतात का! तोंडावर आलेला प्रश्न गिळला कारण मागे पुढची बॅच उभी होती आणि तो घाई करत होता. ही घाई मुद्दाम असते. मान्यताप्राप्त केंद्राचा फॉर्म 5ब नाही, टेस्टला ग्राउंडवर बोलावलं नाही, निरीक्षकाने तुम्हाला डोळ्यांनी बघितलं नाही, तर ते लायसन खरं असूच शकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आठवड्याने पीडीएफ आली, एकदम खऱ्यासारखी. डिजिलॉकर या सरकारी अॅपवर टाकून बघितलं तर रेकॉर्ड सापडेना. त्याला फोन केला, "सर्व्हर डाऊन आहे ताई, कार्ड स्पीड पोस्टाने येईल, तोपर्यंत हेच दाखवा." त्याच कार्डाचे 1,450 यूपीआयने घेतले, तेही स्कूलच्या नावावर नाही, बायकोच्या खात्यावर. पक्क्या लायसनची सरकारी फी किती असते माहितीये? टेस्टचे प्रत्येक वर्गाला 300 आणि लायसनचे 200. लर्निंगचे वर्गाला 150 आणि परीक्षेचे 50. स्कूटर-कार दोन्ही धरून सगळं बाराशेच्या आसपास. पोर्टलवरची फीची पावती मागा, ती तुमच्या अर्जाच्या नंबरवर निघते. चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा म्हणजे पावती नाही.

नाकाबंदीत हवालदारांनी पीडीएफ बघितली, मशीनमध्ये नंबर टाकला आणि दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. "मॅडम, हे लायसन कुणाचंय?" लायसनच्या नंबरात एमएच, मग ऑफिसचा कोड, मग ज्या वर्षी पहिलं लायसन मिळालं ते वर्ष असतं. माझ्या नंबरात होतं 2019. मी तर गाडी शिकले 2025 मध्ये! मुलगा मागच्या सीटवर शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, बाजूने ओळखीची माणसं स्कूटर हळू करून बघत जातायत, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सांगतेय की मी चोर नाही. विनालायसनचे 5,000 माझ्यावर आणि तशा माणसाला गाडी दिली म्हणून 5,000 गाडीमालकावर, म्हणजे नवऱ्यावर. लर्निंगची मुदतही तोवर संपून गेली होती, त्यामुळे तेही दाखवता येईना. हे कमी म्हणून की काय, खोटा कागद जवळ ठेवला म्हणून तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो अशी तंबी. आणि समजा अपघात झाला असता तर? लायसनच नाही म्हटल्यावर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं. पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे हे पैशाचं मॅटर आहे, आपसात मिटवा. मी म्हटलं सरकारी लायसन खोटं बनवलंय, यात आपसात काय मिटवायचं, तर अर्ज ठेवून जा, साहेब बंदोबस्तात आहेत. एफआयआर नाहीच, साधी पोच द्यायलाही खळखळ. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथे यूपीआयच्या 1,450 ची तेवढी तक्रार नोंदली गेली, बाकी रोख, त्याचं काही नाही. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. आरटीओत गेले तर खिडकीवरचा माणूस वर न बघता म्हणाला, "एजंटशी आमचा संबंध नाही, तुम्ही स्वतः यायचं होतं." संबंध नाही? गेटच्या बाहेर छत्र्या लावून ओळीने कोण बसलंय मग? त्यांच्याच हातात फायली आत जातात आणि आम्ही रांगेत! मी एकच विचारलं, या स्कूलला तुमचा परवाना आहे का नाही एवढं तरी सांगा. स्कूलला परवाना आरटीओच देतं, 5 वर्षांचा असतो, गैरप्रकार दिसला तर तो रद्द करायचा अधिकारही त्यांनाच आहे. तर म्हणे माहिती अधिकारात विचारा. 10 रुपयांचा स्टॅम्प लावून तोही अर्ज केला. उत्तर काय आलं, ही त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे, देता येत नाही. लोकांना शिकवायचा परवाना सरकारने दिला का नाही, ही खासगी माहिती? मग बोर्ड बघून आत जाणाऱ्या बाईने ठरवायचं तरी कशावरून? आणि तो माणूस आजही गाळा उघडतो, आजही अल्टो फिरते, मी समोरून गेले तर मान वळवतो.

माहिती अधिकाराच्या त्या उत्तरावर प्रथम अपील केलंय. पोलीस एफआयआर घेत नसतील तर बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 173(4) खाली लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना (एसपी) पाठवता येते, ती रजिस्टर पोस्टाने पाठवलीय. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथेही जाणार आहे. त्या दोघींपैकी एक माझ्याबरोबर यायला तयार आहे, दुसरी म्हणते घरी कळलं तर गाडीच बंद होईल. तिचं कळतं मला.

लर्निंग नव्याने काढलंय, या वेळी स्वतः बसून परीक्षा दिली, प्रश्न काही अवघड नसतात, चिन्हं पाठ करा झालं. आता चुलतभावाला शेजारी बसवून, एलचा बोर्ड लावून मोकळ्या मैदानात विटा मांडून रिव्हर्स आणि एच, म्हणजे इंग्रजी एच अक्षरासारख्या आखणीत गाडी फिरवणं, करतेय, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायचं पण जमायला लागलंय. स्कूटरच्या आठमध्ये पाय टेकला की नापास, त्यामुळे वेग कमी ठेवून नजर पुढे ठेवा, चाकाकडे बघू नका. नापास झालात तरी घाबरू नका, 7 दिवसांनी परत देता येते, तीनदा नापास झालं तरच 60 दिवस थांबावं लागतं. हे त्या माणसाने कधीच सांगितलं नाही, उलट "नापास झालात तर सगळं पहिल्यापासून" म्हणून घाबरवून 3,200 काढून घेतले.

तुम्हीही असं पॅकेज घेतलं असेल आणि टेस्टला कधी बोलावलंच नसेल, तर सारथीवर आपला लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून आजच बघा. कार्डाची वाट बघत बसू नका आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.