बटणवालं मलय गाण्यांचं पुस्तक : गाणी भारी, आवाज बेकार

क्वालालंपूरला येऊन दोन वर्षं झाली, लेक इथल्याच बालवाडीत जाते आणि घरी येऊन मलय गाणी गुणगुणते, मला एक शब्द कळत नाही म्हणून मॉलमधून हे बटण दाबलं की गाणं वाजणारं पुस्तक आणलं. जुनी लोकगीतं आहेत सगळी, 'रासा सायांग', 'लोम्पात सी काताक' वगैरे.

पण पैसे वसूल होतात ते 'बांगाउ ओ बांगाउ'वर! बगळ्या बगळ्या, तू एवढा बारीक का? तर मासा वर येत नाही. मासा का येत नाही? गवत फार वाढलंय. मग गवत म्हशीवर ढकलतं, म्हशीचं पोट दुखतंय कारण भात कच्चा राहिला, लाकडं ओली, पाऊस, बेडूक, आणि शेवटी साप म्हणतो बेडूक तर माझं खाणंच आहे. साप सोडून सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात, अगदी आमच्या ऑफिससारखं 😄 मुलीला ही साखळी चार दिवसांत पाठ, मी अजून म्हशीपाशीच अडकलोय.

आता तक्रार. आवाज कर्कश, कमी करायची सोयच नाही, आणि 'रासा सायांग'चं एकच कडवं घेतलंय. अहो त्यात खरी मजा पांतुनची, म्हणजे मलय चारोळीची असते, चार ओळी, पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी, पाहिजे तेवढी नवी जोडत जायची. २०२० मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला प्रकार, आणि इथे वीस सेकंदांत खल्लास. त्यापेक्षा शेजारच्या माकचिक (मलयमध्ये मावशी) जिन्यात बसून शिकवतात ते शंभरपट बरं.

तीन स्टार. सेल जास्तीचे आणून ठेवा.