स्वस्त डॉइचलांड-तिकीट विकणारा आपला मराठी माणूस

पाठीवर सॅक टाकून जर्मनीत मित्रमैत्रिणींकडे मुक्काम करत फिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. महिन्याचं रेल्वे तिकीट कमी पैशांत मिळवून देतो असं कुणी म्हणालं, आणि ते तिकीट गाडीतल्या तपासनीसाच्या यंत्रावर खरं निघालं, तरी ते खरं आहे असं धरून चालू नका. माझंही आधी खरंच निघत होतं.

डॉइचलांड-तिकीट मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं. मी २०२५ च्या उन्हाळ्यात गेले तेव्हा ५८ झालं होतं आणि जानेवारी २०२६ पासून ते ६३ आहे. देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, शहरातल्या मेट्रो, ट्राम, बस, सगळं त्यात येतं. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. माझ्यासारखीला याहून सोयीचं काही नव्हतं, कारण मला भेटायची माणसं नकाशावर विखुरलेली होती. हॅम्बर्गची मैत्रीण स्पितीत भेटली होती, दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आम्ही एकाच होमस्टेत अडकून पडलो तेव्हा. ग्योटिंगेनचा मित्र हरिश्चंद्रगडावरचा. पिठलं-भाकरीबरोबर ठेचा मागून मागून खाणारा आणि मग कोकणकड्यावर पाण्याची बाटली घेऊन फिरणारा. लाइपझिगचं जोडपं हम्पीचं. ‘कधीही ये’ असं सगळेच म्हणतात. हे लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले, म्हणून मी गेले.

अडचण अशी की हे तिकीट म्हणजे मासिक वर्गणी असते. ती आपोआप पुढे चालू राहते आणि बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. शिवाय बरेच विक्रेते युरोपातलं बँक खाते मागतात. आपलं भारतीय कार्ड टाकलं की पान अडकून बसतं. दलाल उगवतात ते नेमके इथे.

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या एका फोनवरच्या ग्रुपमध्ये मी विचारलं, आणि दोन मिनिटांत एकाचा वेगळा मेसेज आला. “ताई, टेन्शन घेऊ नका, मी करून देतो.” स्वतःला सांगलीकडचा म्हणवत होता, मास्टर्स करून नोकरीला लागलोय म्हणाला. फोनवर बोलला तेही मोकळेपणाने. हॅम्बर्गच्या स्टेशनावर कुठल्या बाजूने बाहेर पडलं की ट्राम नाही, बस मिळते, इथवर माहिती. (हॅम्बर्गमध्ये ट्राम नाहीच, १९७८ साली बंद झाली, हे मैत्रिणीने नंतर सांगितलं. म्हणजे पठ्ठ्याचा अभ्यास चांगला होता.) स्वस्त का, याचं उत्तरही तयार: कंपनीचं जॉब-तिकीट आहे, आम्हाला सवलत असते, एक जास्तीचं काढतो. जॉब-तिकीट नावाचा प्रकार खरोखरच आहे. कंपनी कर्मचाऱ्याच्या तिकिटाचा काही भाग उचलते आणि वर थोडी सूटही मिळते. पण ते त्या कर्मचाऱ्यालाच मिळतं. जास्तीचं काढून ताईला द्यायची त्यात सोय नाही.

भाव ४० युरो. पैसे मात्र रुपयांत, भारतातल्या ‘भावाच्या’ खात्यावर यूपीआयने: चार हजार. कार्डाचा घोळ नाही, युरोचा हिशेब नाही, आपल्या सवयीचंच काम. त्याने पासपोर्टचं पान मागितलं होतं. मी नाव आणि जन्मतारीख लिहून पाठवली, तेवढ्यावर त्याने भागवलं. थोड्या वेळात लिंक आली आणि तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये जाऊन बसलं. नाव बरोबर, महिना बरोबर, चौकोनी कोड, मागे सरकणारी रंगीत पट्टी. मैत्रिणीने स्वतःचं तिकीट शेजारी धरून पाहिलं. फरक नव्हता.

हॅम्बर्गहून उल्त्सेनला गाडी बदलली, तिथून हॅनोव्हर, मग ग्योटिंगेन. वाटेत तिकीट तपासलं गेलं, यंत्र टुक्‌ वाजलं, “डांके” म्हणून तपासनीस पुढे गेला. उल्त्सेनचं स्टेशन हुंडर्टवासर या चित्रकाराच्या कल्पनेतून नव्याने सजवलेलं आहे, वाकडेतिकडे रंगीत खांब आणि सोनेरी गोळे. गाडी बदलायला वेळ असेल तर बाहेर पडून जरूर बघा. ग्योटिंगेनमध्ये मित्राने बाजारचौकातली हंसवाली मुलगी दाखवली. तिथे डॉक्टरेट मिळाली की त्या पुतळ्याचा मुका घ्यायची पद्धत आहे. त्याने घेतला होता, फोटोही होता.

पुढे एरफुर्टच्या गाडीत बसले. लाइनेफेल्डे मागे पडल्यावर तपासनीस बाई आल्या. यंत्राने वेगळाच आवाज काढला. त्यांनी पुन्हा धरलं, मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तिकीट अडवलेलं होतं. बनावट नव्हे, अडवलेलं. काल चाललं होतं हे मी सांगून पाहिलं. त्याला काही अर्थ नसतो. पासपोर्ट मागितला, पत्ता लिहून घेतला आणि ६० युरो दंडाचा कागद हातात दिला. बाई चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. कुणाकडून घेतलं एवढं विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून मान हलवली, म्हणजे हे उत्तर त्यांना नवं नव्हतं.

मी लगेच त्या सांगलीकराला मेसेज केला. “सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे ताई, रीॲक्टिव्हेट करावं लागेल, दोन हजार टाका.” दंडाच्या कागदाचा फोटो पाठवला तर म्हणाला, भरू नका, त्यांचीच चूक आहे. पैसे पाठवणार नाही म्हटल्यावर मला ब्लॉक केलं. लक्षात ठेवा, हा दुसरा घास ठरलेलाच असतो. माणूस गाडीत घाबरलेला असतो, तेव्हा तो सहज दोन हजार देऊन जातो.

नेमकं काय झालं ते लाइपझिगच्या मित्राने उलगडून सांगितलं. या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बँक खात्यातून थेट वळते होतात. खाते क्रमांक टाकला की तिकीट ताबडतोब मिळतं, पैसे प्रत्यक्षात काही दिवसांनी निघतात. भामटा कुणातरी तिसऱ्याच्याच खात्याचा चोरलेला क्रमांक टाकून तुमच्या नावावर तिकीट काढतो. ते परिवहन कंपनीनेच दिलेलं, अस्सल तिकीट असतं; म्हणून यंत्र ते मान्य करतं. मग त्या खात्यातून पैसे येत नाहीत, किंवा खातेदार हरकत घेतो. परवानगीशिवाय वळती झालेली रक्कम परत मागायला त्याला १३ महिने असतात. पैसे परत गेले की कंपनी ते तिकीट अडवलेल्यांच्या यादीत टाकते आणि ती यादी तपासनीसांच्या यंत्रांत उतरते. मधले दिवस तुम्ही आरामात फिरता, ग्रुपवर ‘मस्त काम झालं, धन्यवाद दादा’ असंही लिहिता. त्याची जाहिरात तुमच्याच तोंडून होते.

म्हणजे आपले चार हजार गेले हे आहेच, पण आपण ज्या तिकिटावर फिरलो त्याचे पैसे एखाद्या अनोळखी जर्मन आजोबांच्या खात्यातून निघायचे होते. मला हे जास्त लागलं.

पारखायचं कसं? तिकिटाकडे बघून काही कळत नाही, विकणाऱ्याकडे बघा. हे तिकीट रेल्वे, शहरांच्या परिवहन संस्था आणि त्यांची ॲप्स विकतात. तुम्ही स्वतः नोंदणी केली नसेल, वर्गणी बंद करायचं बटण तुमच्या हातात नसेल, तर ते खाते तुमचं नाही. जर्मनीतल्या तिकिटाचे पैसे भारतातल्या कुणाच्या वैयक्तिक खात्यावर जात असतील तर तिथेच थांबा. आणि कुणी नुसता स्क्रीनशॉट देत असेल तर विचारायलाच नको, तो गाडीत चालत नाही.

सरळ मार्ग आहेत. काही शहरांच्या परिवहन ॲपवर परदेशी क्रेडिट कार्ड चालतं. लाइपझिगमध्ये मित्राने शोधून दिलं आणि पुढच्या महिन्याचं मी तसंच काढलं. तोवर दिवसाच्या तिकिटांवर भागवलं. सॅक्सनी या राज्याचं दिवसाचं तिकीट शेजारच्या थुरिंगिया आणि सॅक्सनी-अनहाल्ट या राज्यांतही चालतं, कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर, आणि एकावर पाच जणांपर्यंत जाता येतं. मात्र स्टेशनावर कुणी “आमच्या तिकिटावर एक जागा आहे, दहा युरो द्या” म्हणाला तर बघा, प्रवास सुरू होताना त्यावर नाव लिहिलेलं असावं लागतं.

दंड मी भरला. मुदत कागदावर असते, रक्कम बँकेतून पाठवता येते, गाडीत रोख द्यायची सक्ती नसते. कुणी तपासनीस म्हणून रोखच मागत असेल तर ओळखपत्र आणि पावती मागा. जर्मन पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार लाइपझिगच्या मैत्रिणीने माझ्या शेजारी बसून भरली. भारतात पैसे गेले असल्याने माझ्या भावाने नाशिकहून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. हे जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्याकडे असं तिकीट आत्ता फोनमध्ये असेल आणि अजून चालत असेल, तर त्यावर पुढचा प्रवास करू नका. ते पुसूनही टाकू नका. तिकिटावर विकणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो. तो, लिंक, संभाषण आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि त्या संस्थेला आधीच लिहून कळवा. पासपोर्टचं पान पाठवलं असेल तर तेही पोलिसांच्या तक्रारीत लिहा, कारण पुढचं तिकीट तुमच्या नावाने काढून तो भामटा तिसऱ्याच कुणाला विकू शकतो.