कॅनमधलं जंताचं औषध मेंढरांना पाजू देऊ नका

आमच्या माण भागात पाऊस पडून हिरवं फुटलं की मेंढरांना जंताचं औषध पाजावंच लागतं. नेमका तोच मोका साधून एक जण मेंढपाळांच्या वाड्यावाड्यांवर (तळांवर) फिरत होता. गळ्यात ओळखपत्र, हातात पाजायची पिचकारी, गाडीला बांधलेला पांढऱ्या औषधाचा कॅन. "सरकारी योजनेतलं अल्बेंडाझोल आहे, दुकानात दुप्पट पैसे पडतील," म्हणाला. मेंढरामागं पैसे घेतले, स्वतःच पाजलं. मेंढा असो की कोकरू, सगळ्यांना सारखंच. जाताना सांगून गेला, "उद्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखे तुकडे दिसतील, म्हणजे औषध लागू पडलं."

तुकडे दिसले. खरी लबाडी इथंच आहे! ते पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे तुकडे असतात, औषध न पाजताही पडतात. मेंढरं मारणारा जंत वेगळा. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात रक्त पीत बसतो, लेंड्यांत डोळ्यांना दिसत नाही.

पुढं मेंढ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्या, जबड्याखाली पाणी उतरलं. एक दुभती मेंढी गेली. डॉक्टरांनी तिचं पोट उघडून दाखवलं: अस्तरावर तांबडा-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. लेंड्या तपासल्या तर अंडीच अंडी. मग सीलबंद अल्बेंडाझोल वजनाप्रमाणं पाजलं, दोन आठवड्यांनी परत लेंड्या तपासायला दिल्या, तर अंडी जवळजवळ नाहीशी. म्हणजे जंतांना औषध लागू पडत होतं, त्या कॅनमध्ये औषधच नव्हतं किंवा नावापुरतं होतं.

अल्बेंडाझोल किलोमागं साडेसात मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर २.५ टक्के लिहिलं असेल तर ३० किलोच्या मेंढीला ९ मिली, बाटली चांगली हलवून. नुकत्याच गाभण गेलेल्या मेंढीला ते देत नाहीत, गर्भाला धोका असतो. हा भामटा गाभण कोणती हे विचारतसुद्धा नव्हता.

लेबल, बॅच नंबर, मुदत आणि पावती नसेल तर थेंबही पाजू देऊ नका. सरकारी योजनेचं नाव कुणी घेतलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांना हे आधीच कळवा, वाटेवर त्यांना गाठणं अशा लोकांना फार सोपं जातं.