गाडीच्या फिक्या पडलेल्या ट्रिमसाठी (बाहेरच्या काळ्या प्लास्टिक पट्ट्या-कडांसाठी) काळा सॅटिन स्प्रे: छटा उत्तम, तयारी मात्र तुमची

छटा अगदी मूळ ट्रिमसारखी येते, ना चकचकीत ना मळकट. डब्यावरच्या ‘प्रायमरची गरज नाही’वर मात्र विसंबू नका. ट्रिम बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची. तिच्यावर रंग धरत नाही. अ‍ॅढिजन प्रमोटरचा (रंगाला पकड देणाऱ्या द्रवाचा) एक पातळ हात हवाच, नाहीतर प्रेशर वॉशला पापुद्रे सुटतात.

त्याआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसा, मग 600 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून पुन्हा पुसा. जुन्या सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला, की ओल्या रंगात बारीक गोल खळगे पडतात.

20-25 सेंटीमीटरवरून तीन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. नोझल सुरुवातीला थेंब उडवतं, म्हणून फवारा ट्रिमबाहेर, मास्किंगवर (भोवती चिकटवलेल्या टेप-कागदावर) सुरू करा. टेप शेवटचा हात ओलसर असतानाच काढा. वाळल्यावर कड फाटते.