वाइनचं कपाट आणि ग्वाल्हेरचा मे महिना

आमच्या गावात कूलर म्हटलं की खस, टुल्लू पंप आणि पाण्याची बोंब एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे वाइन कूलर पोचवायला आलेल्या पोराने दारातच विचारलं, "अंकल, खिडकी कौनसी है?" त्याला म्हटलं, बाबा, हा खिडकीत बसत नाही, ह्यात पाणीही घालत नाहीत. त्याने खोक्याकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते.

तर हे त्या कूलरचं, म्हणजे वाइनच्या बाटल्या गार ठेवणाऱ्या कपाटाचं, परीक्षण. खरं म्हणजे दोन कूलरांचं, कारण पहिला फसला.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी इथल्या एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालो, सगळी नोकरी ऑडिटात गेली. मुलगी नाशकात दिली आहे. जावईबापू प्रत्येक खेपेला दोन-तीन बाटल्या घेऊन येतात आणि आम्ही दोघं महिन्याला जेमतेम एक उघडतो. शिल्लक वाढत जाणारच. पहिल्या वर्षी त्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभ्या ठेवल्या होत्या. जूनमध्ये एक रेड काढली तर बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं, आणि चव मनुका उकळून ठेवल्यासारखी. जावईबापूंनी फोनवर समजावलं: उकाड्याने वाइन फुगते, बूच ढकलते, गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. आमच्याकडे दिवसा ४५ आणि रात्री ३०, म्हणजे बाटलीचा रोज प्राणायाम चालू. शिवाय उभी ठेवल्यामुळे बूच वाळलेलं. आडवी ठेवली की वाइन बुचाला टेकून राहते, ते ओलं आणि फुगलेलं राहतं. फिरकीच्या झाकणाला ह्याची गरज नाही, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग डिसेंबरात १२ बाटल्यांचा कूलर मागवला, १६,५०० रुपये. दिसायला देखणा, आवाज नाही, थरथर नाही. थरथर नाही कारण आत कॉम्प्रेसरच नाही. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, हा पेल्टिये नावाच्या फ्रेंच माणसाचा १८३४ सालचा शोध. त्यावर हे यंत्र चालतं. डिसेंबर ते मार्च काटा वाइनला हव्या तशा १३ अंशांवर खिळलेला. मी चार जणांना फोन करून कौतुकही केलं. एप्रिल लागला आणि आकडा चढायला लागला: १५, १७, १९. मेच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीतली नोंद अशी आहे: खोली ३९, कपाट २२, पंखा अखंड चालू. असली यंत्रं खोलीपेक्षा साधारण १५-२० अंशच खाली जाऊ शकतात, त्याहून जास्त त्यांच्याच्याने होत नाही. कंपनीला फोन केला. दहा दिवसांत परत करायचं होतं म्हणाले. डिसेंबरात घेतलेल्या वस्तूची परीक्षा ग्वाल्हेरात मे महिन्यात होते, हे दहा दिवसांचा नियम करणाऱ्याला कोण सांगणार?

चूक माझीही होती. मागच्या बाजूला स्टिकरवर स्पष्ट छापलं होतं, बाहेरचं तापमान १६ ते ३२. आयुष्यभर दुसऱ्यांची बारीक अक्षरं वाचली आणि घरचंच व्हाउचर न तपासता पास केलं.

ह्या स्टिकरवर जरा थांबतो, कारण दुकानदार बाटल्या किती मावतात ते सांगतो, हे सांगत नाही. फ्रिजसारख्या यंत्रांना एक वर्ग असतो. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, आणि 'टी' म्हणजे ४३. ग्वाल्हेरात लष्कर, मुरार, हजिरा, कुठल्याही भागात राहत असा, 'टी' नसेल तर पाकीट खिशात ठेवा.

दुसरा घेतला तो 'टी' वर्गाचा, कॉम्प्रेसरवाला, १८ बाटल्यांचा, ३८,००० रुपये. हिने तो आकडा ऐकून दोन दिवस मौन पाळलं. गेल्या मेमध्ये खोली ४० असताना आत १३ ते १४ राहिलं. दुपारी तीन तास लाइट गेली तेव्हा दार उघडलं नाही, तर १७ च्या पुढे गेलं नाही. काम चोख.

तक्रारी आहेतच. १८ बाटल्या हा आकडा सरळ खांद्याच्या, सडपातळ बाटल्यांचा. बुडबुडेवाली वाइन पोटाने सुटलेली असते. अशा चार ठेवल्या की एकूण तेरा-चौदावर कारभार आटोपतो. फळ्या खेचताना बाटलीच्या लेबलाला ओरखडे पडतात. आणि जागा. आधी माजघरात देवघराच्या भिंतीला लावला होता. आई म्हणाली, "देवाच्या पाठीला दारूचं कपाट लावतोस?" म्हणून जिन्याखाली सरकवला. तिथे मागची गरम हवा कोंडून राहिली, कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत होता, बिल वाढलं ते वेगळं. आता तो माजघरातच आहे, समोरच्या भिंतीला, मागे वीतभर जागा सोडून. आईचं म्हणणं, निदान देवाची पाठ तरी मोकळी झाली.

आतला दमटपणा मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. ते काम गजकेने, म्हणजे तिळा-गुळाच्या कुरकुरीत मिठाईने, केलं. जानेवारीत मुरैन्याहून आलेला गजकेचा डबा हिने "गार जागा आहे" म्हणून त्यात ठेवला. आठ दिवसांनी गजक सादळून चामड्यासारखी. तिच्या दृष्टीने नुकसान, माझ्या दृष्टीने पुरावा: बुचाला हवी तेवढी ओल आत आहे. साध्या फ्रिजात ती नसते; तिथे ४ अंश आणि कोरडी हवा, महिना-दोन महिने चालतं, वर्षभर ठेवलं तर बूच वाळतं.

आता तळघराचं. चिटणिसांची गोठ ह्या इथल्या जुन्या मोहल्ल्यात आमच्या जुन्या वाड्याचा एक भाग चुलतभावाकडे आहे, खाली दगडी तळघर. सगळे म्हणायचे, एवढे पैसे कशाला घालतोस, तिथे ठेव. तिथेही मी थर्मामीटर ठेवून पाहिला. मेमध्ये २९, जानेवारीत १९. खाली गेलं की अंगाला गार वाटतं ते वरच्या ४५ मुळे. फ्रान्समधली तळघरं १२-१३ अंशांची असतात कारण तिथली जमीनच तशी. खोल जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, आणि आमची सरासरी २५ च्या पुढे. तरी तळघर अगदीच टाकाऊ नाही. अंधार आहे, हादरे नाहीत, आकडा रोज वर-खाली होत नाही. सहा महिन्यांत पिऊन टाकायच्या बाटल्या मी तिथेच ठेवतो.

कारण प्रत्येक बाटलीला कपाट लागतच नाही. नाशकाच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, म्हणजे आपल्याकडे बाटली वर्षानुवर्षं सांभाळायचा रिवाज अजून कोवळा. बहुतेक व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) वर्षभरात प्यायच्याच असतात. कपाटाचा खर्च निघतो तो थोड्या जाड रेडवर, ज्या तीन-चार वर्षं थांबल्या की मवाळ होतात. अशा माझ्याकडे सात आहेत.

पहिल्याला पाचपैकी एक गुण, तोही हिवाळ्याचा. दुसऱ्याला चार. पहिला आता आईच्या खोलीत आहे. तिच्या डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन नाही हं, फक्त थेंब, आणि चाफ्याची फुलं त्यात राहतात, तीही मार्चपर्यंतच. दिवाळीला जावईबापू दीड लिटरची बाटली आणणार आहेत. मधली फळी काढल्याशिवाय ती आत जात नाही, पुठ्ठ्याची नळी करून बघितलं आहे.